पाऊस मोजायला कोणी नव्हतं तेव्हाचा पाऊस कसा कळतो

जून महिना, मुलुंडला आमच्याकडे भाचा राहायला आलेला, अकरावीत आहे. सकाळी पेपरमध्ये "शंभर वर्षांतला विक्रमी पाऊस" अशी काहीतरी हेडलाइन होती, ती वाचून तो म्हणाला, "मावशी, शंभर वर्षांचं ठीक आहे, पण त्याच्या आधी कोण मोजत होतं?" मी हातातला चहा तसाच ठेवला आणि बोलत बसले, आणि नंतर वाटलं की हे सगळं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण मी बॉटनी शिकवते, या विषयावर माझा फार जीव आहे आणि मराठीत यावर सहज वाचायला मिळेल असं कमीच सापडतं.

आधी मोजमापाचं बघू. आपली कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, पावसाच्या सलग नोंदी म्हणाल तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या. त्याच्या मागे गेलं की कागदपत्रं, बखरी, लोकांच्या आठवणी, दुर्गादेवीचा दुष्काळ वगैरे, म्हणजे चौदाव्या शतकाच्या शेवटापर्यंत तरी माणसांनी काहीतरी जपून ठेवलंय. पण पाच हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीत पाऊस किती पडायचा? वीस हजार वर्षांपूर्वी? तेव्हा डोंगरावर जंगल होतं का नुसतं गवत? हे सांगायला माणूस नाही, पण चिखल आहे, आणि तो बऱ्यापैकी खरं सांगतो.

आता चिखल म्हटल्यावर आपल्याला खाडी आठवते, आणि मुंबईच्या खाली पण अशी एक गोष्ट आहेच, प्रिन्सेस डॉक खणत होते तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, गाळाखाली झाडांचे बुंधे सापडले होते, त्यातले कितीतरी उभेच्या उभे, म्हणजे जिथे आज बंदर आहे तिथे कधीकाळी जमीन होती आणि जमिनीवर जंगल होतं. पण खाडीत भरती-ओहोटी सारखं ढवळत असते, नदी वरून काहीही आणून टाकते, त्यामुळे तिथलं वाचणं किचकट. डोंगरावरची पाणथळ जागा त्यापेक्षा बरी. डोंगरमाथ्यावर बशीसारखा खोलगट भाग असतो, आजूबाजूच्या उतारांवरून पाणी झिरपत येतं आणि साचतं, मोठी नदी नाही, पूर नाही, ढवळाढवळ नाही, लव्हाळे आणि गवत उगवतं, मरतं, तिथेच आडवं होतं, त्यावर पुढच्या वर्षीचं. साधारण वर्षाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी अशा बेताने थर चढत जातो. मीटर-दीड मीटर खोल गेलात की हजारो वर्षं मागे गेलात.

पण मेलेलं गवत कुजून जायला हवं ना? इथेच सगळी गंमत आहे. लोणचं आठवा. आई बरणीत फोडींच्या वर बोटभर तेल राहील असं बघायची, तेल कमी झालं की वरच्या फोडींना बुरशी, कारण हवा लागली. पाणथळीत तेलाचं काम पाणी करतं. कायम पाण्याखाली राहिलेल्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, कुजवणारे जिवाणू मंदावतात, आणि अर्धवट कुजलेला पाला दाबला जाऊन त्याचा काळा, स्पंजसारखा थर होतो. त्याला पीट म्हणतात. भारतात उष्ण कटिबंधातलं असं पीट फार थोड्या ठिकाणी आहे आणि निलगिरीच्या डोंगरात, दोन हजार मीटरच्या वर, ते छान जपलं गेलंय.

मी अशा एका ठिकाणी गेलेय, बऱ्याच वर्षांपूर्वी, काही संशोधक मंडळींबरोबर मदतनीस म्हणून. ऊटीच्या पुढे, सकाळी कडाक्याची थंडी, दरीच्या तळाशी हिरवं सपाट मैदान दिसत होतं, क्रिकेट खेळावं असं, आणि पाय ठेवला की आख्खं मैदान गादीसारखं हलायचं. कोअरर म्हणजे एक अर्धगोल, पोकळ पोलादी नळी, तिला बाजूने एक पातं, वर लांब दांडा. दोघांनी धरून तो खाली दाबायचा, हव्या त्या खोलीवर गेला की अर्धा फेरा फिरवायचा, पातं चिखल कापतं आणि नळी बंद होते, मग वर ओढायचं. अर्ध्या मीटरचा एक तुकडा येतो. उघडला की पहिल्यांदा वास, सडक्या अंड्यासारखा. आणि मग मी जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे, काळ्या चिखलात गवताच्या पात्याचा एक तुकडा होता, पिवळसर, त्याच्या शिरा दिसत होत्या, जणू काल गळालेला. दोन-तीन मिनिटांत तो माझ्या डोळ्यांदेखत काळा पडला. हजारो वर्षं त्याला हवा लागली नव्हती, आत्ता लागली.

तुकडा प्लॅस्टिकच्या अर्ध्या पाइपात ठेवायचा, फिल्मने गुंडाळायचा आणि लगेच मार्करने लिहायचं, वरची बाजू कुठली, खालची कुठली, खोली किती ते किती. हे लगेच का, तर त्या दिवशी पावसाची सर आली, घाई झाली, एका तुकड्यावर वर-खाली लिहायचं राहिलं आणि संध्याकाळी कोणालाच खात्रीने सांगता येईना. अर्धा मीटर चिखल, म्हणजे निदान पाचशे वर्षं, बाजूला काढून ठेवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी शेजारी नव्याने भोक पाडावं लागलं. अंदाजाने वर-खाली ठरवून पुढे जायचा विचार कोणी केला नाही, आणि त्या मंडळींबद्दल मला तेव्हापासून जो आदर वाटतो तो त्यामुळेच.

आता त्या चिखलात शोधायचं काय? मुख्य म्हणजे परागकण. आमच्या बाल्कनीत जास्वंद आहे, भाच्याला त्याचा एक पुंकेसर काचपट्टीवर झटकायला लावला आणि मायक्रोस्कोप दाखवला. जास्वंदीचा कण चांगला मोठा असतो, दीडशे मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या जाडीच्या दुप्पट म्हणा, गोल आणि सगळीकडून काटे, थेट धोत्र्याच्या फळासारखा. बहुतेक झाडांचे कण याहून बरेच लहान, दहा ते शंभर मायक्रॉन. प्रत्येक कुळाची घडण वेगळी. गवताचा कण म्हणजे साधा गोळा, त्याला एकच भोक आणि भोकाभोवती कडं. राजगिऱ्याच्या कुळाचा कण गोल्फच्या बॉलसारखा, सगळीकडे खळगे. चीड किंवा पाइनचा कण म्हणजे मधे पोट आणि दोन बाजूंना दोन फुगे, त्या फुग्यांच्या जोरावर तो वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो. नेच्याचे बीजाणू वेगळेच, काहींवर तीन रेघांची खूण, मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारखी.

आणि कणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, निसर्गातल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक. आतला जीव कधीच संपलेला असतो, पण कवच, त्यावरच्या काट्या-भोकांसकट, लाखो वर्षं टिकतं. झाड गेलं, पानं गेली, तरी ते इथे होतं याची सही चिखलात राहते. या सह्या मोजून जंगलाचा इतिहास काढायची पद्धत लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने १९१६ साली ऑस्लोमधल्या एका व्याख्यानात मांडली. आपल्याकडे लखनौची बिरबल साहनी संस्था आणि पुदुच्चेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट ही या कामाची जुनी घरं, आणि पुण्याला आघारकर संशोधन संस्था आहेच.

चिखलातून कण वेगळे काढायची पद्धत ऐकून भाचा हबकला. दर एक-दोन सेंटीमीटरवरून चमचाभर चिखल घ्यायचा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायचा, पालापाचोळ्याचा काळा रंग त्यात सुटतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना जातो. मग हायड्रोफ्लोरिक ॲसिड, त्याने वाळू म्हणजे सिलिका विरघळते, हे ॲसिड काचसुद्धा खातं म्हणून प्लॅस्टिकच्या नळ्या आणि प्रचंड काळजी. शेवटी सल्फ्युरिक ॲसिड आणि ॲसेटिक अनहायड्राइडचं मिश्रण. एवढं सगळं सोसून जे उरतं ते परागकण. तरी उरतात, म्हणजे बघा कवच काय ताकदीचं आहे.

मग मोजणी. एका नमुन्यात निदान तीनशेच्या आसपास कण ओळखून मोजायचे, गवत, गवत, लव्हाळा, गवत, नेचा, जांभळाचं कुळ, गवत. एका कोअरमध्ये, म्हणजे एका भोकातून काढलेल्या सगळ्या तुकड्यांत मिळून, असे शंभर नमुने असू शकतात, म्हणजे तीस हजार कण, एकेक करून, डोळ्यांनी. यात एक फार सुंदर युक्ती वापरतात. समजा गोणीत हरभरे आहेत आणि किती आहेत माहीत नाही. तुम्ही त्यात मोजून एक हजार वाटाणे टाकले, नीट मिसळले आणि मूठभर काढले. मुठीत वीस वाटाणे आणि साठ हरभरे आले, तर गोणीत हरभरे वाटाण्यांच्या तिप्पट, म्हणजे तीन हजार. लॅबमध्ये वाटाण्यांच्या जागी लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू असतात, ठरावीक संख्येचे बीजाणू असलेली तयार गोळीच मिळते, ती सुरुवातीला चिखलात टाकून द्यायची.

हे का करायचं, नुसती टक्केवारी का चालत नाही? लोकलच्या डब्यात पन्नास ऑफिसवाले आणि पन्नास कॉलेजची मुलं आहेत. कॉलेजला सुट्टी लागली, मुलं आली नाहीत, आता डब्यात शंभर टक्के ऑफिसवाले. म्हणून ऑफिसवाले वाढले का? एकही वाढला नाही. तसंच एखाद्या थरात गवत नव्वद टक्के दिसलं तर गवत पसरलं का झाडं कमी झाली, हे टक्केवारीवरून कळत नाही, खरी संख्या लागते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. जे झाड जास्त परागकण टाकतं तेच चिखलात जास्त दिसतं, आणि जास्त कण टाकणारं झाड म्हणजे जास्त संख्येने असलेलं झाड, असं नसतं. वाऱ्यावर भरवसा ठेवणारी झाडं आणि गवतं ढिगाने कण उधळतात. किड्यांवर, पक्ष्यांवर भरवसा ठेवणारी मोजून-मापून टाकतात. आपली कारवी घ्या, सह्याद्रीचे उतारच्या उतार तिने झाकलेले असतात, पण फुलते सात वर्षांनी एकदा आणि तीही मधमाश्यांसाठी, त्यामुळे तळ्याच्या गाळात तिचा आवाज फार क्षीण येतो. म्हणून शास्त्रज्ञ आधी आजचं जंगल आणि आजचा चिखल यांची जोडी लावून बघतात, जंगलात फिरून झाडं मोजायची आणि तिथल्याच जमिनीवरच्या शेवाळ्याच्या गादीत कुठले कण अडकलेत ते मोजायचं, शेवाळ्याची गादी म्हणजे निसर्गाने लावलेला सापळाच आहे.

हे आम्ही घरी करून बघितलं. जुलैमध्ये मुंबईत सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर हिरवं मखमलीसारखं शेवाळं येतं ना, ते भाच्याने चमच्याने खरवडलं, कॉलेजच्या लॅबमध्ये मी जमेल तेवढं साफ केलं आणि त्याला मोजायला बसवलं. आमच्या गेटवर मोठा गुलमोहर आहे, मे महिन्यात सगळा रस्ता लाल करतो, तर त्याची अपेक्षा होती की गुलमोहरच गुलमोहर निघणार. निघालं काय, गवताचे कण भरपूर, नेच्याचे बीजाणू, नारळ, आणि पर्जन्यवृक्षाचे कण, जे एकेकटे नसतात, बऱ्याच कणांची मिळून एक चपटी चकती असते, ती बघून तो खुर्चीवरून उठलाच. गुलमोहराचे तीनशेत दोन. दोनशे मीटरवरचा गवताळ प्लॉट दारातल्या झाडाला भारी पडला. आता हाच चिखल पाच हजार वर्षांनी कोणी वाचला आणि त्याला हा हिशोब माहीत नसला, तर तो सांगेल इथे माळरान होतं.

वय कसं कळतं, तर त्यासाठी रेडिओकार्बन. जिवंत झाड हवेतून कार्बन घेतं, त्यात अगदी नगण्य प्रमाणात, लाख कोटीत एक अणू या हिशोबाने, कार्बन-१४ असतो. झाड मेलं की घेणं बंद आणि आत जे आहे ते ठरलेल्या वेगाने घटतं, ५७३० वर्षांत निम्मं, त्याच्या पुढच्या ५७३० वर्षांत त्याच्याही निम्मं. साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत हे घड्याळ चालतं. याबद्दल विलर्ड लिबी यांना १९६० चं नोबेल मिळालं. यात एक तपशील मला आवडतो, या मंडळींच्या भाषेत "आजपासून इतकी वर्षांपूर्वी" म्हणताना आज म्हणजे १९५०, कारण त्यानंतर अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाणच बिघडवून टाकलं. आणि अडचणी आहेतच, आजच्या गवताची मुळं खोल जुन्या थरात घुसतात आणि तरुण कार्बन मिसळतो, मग त्या थराचं वय कमी येतं, म्हणून मुळं वेचून काढून एखादं बी किंवा पानाचा तुकडा निवडून त्याचंच वय काढणं चांगलं.

निलगिरीत अजून एक सोपं घड्याळ आहे. आपण ज्या झाडाला मराठीत निलगिरी म्हणतो ते मुळात निलगिरीचं नाहीच, ते युकॅलिप्टस, ऑस्ट्रेलियाचं, १८४० च्या दशकात ऊटीकडे आणून लावलेलं. त्यामुळे कोअरमध्ये खालून वर येताना ज्या थरात युकॅलिप्टसचा पहिला कण दिसतो, तो थर १८४० च्या आधीचा असूच शकत नाही. कुठलंही मशीन न लावता कळतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. परागकणांमध्ये एक मोठी उणीव आहे, गवताचे कण एकमेकांसारखेच दिसतात, कुठलं गवत ते कळत नाही. पण गवता-गवतात फरक असतो आणि तो शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. भात आणि गहू एका पद्धतीने अन्न तयार करतात, ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसऱ्या पद्धतीने. पहिल्यांना सी-थ्री म्हणतात, बहुतेक सगळी झाडं-झुडपं पण यातच. दुसऱ्यांना सी-फोर, ही उन्हाला, कोरडेपणाला जास्त पुरी पडतात, म्हणून तर कोकणात भात आणि देशावर ज्वारी-बाजरी. हवेतल्या कार्बनमध्ये बहुतेक अणू १२ वजनाचे, आणि साधारण १ टक्का १३ वजनाचे, हे १४ सारखे घटत नाहीत, कायम राहतात. सी-थ्री वनस्पती जड कार्बन घ्यायला बरीच कुरकुर करतात, सी-फोर त्या मानाने कमी. त्यामुळे मेलेल्या पाल्यात जड-हलक्या कार्बनचं प्रमाण मोजलं की तो पाला जास्त करून कुठल्या गटाचा होता हे कळतं. शास्त्रज्ञांच्या मोजपट्टीवर पहिल्यांचा आकडा उणे २७ च्या आसपास, दुसऱ्यांचा उणे १३ च्या आसपास, मधे चांगलं अंतर आहे, गोंधळ होत नाही.

१९९३ साली रामन सुकुमार, आर. रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच निलगिरीच्या पीटवर करून 'नेचर'मध्ये छापलं, वीस हजार वर्षांचा आलेख, उष्ण कटिबंधातल्या पीटवरून. सुकुमार म्हणजे हत्तींवर काम करणारे तेच, जंगल आणि गवत कसं बदलतं हा त्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. आणि रमेश हे तेव्हा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले आयसोटोपवाले, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे असे जड-हलके अणू मोजणारे.

त्यातून आणि नंतरच्या कामांतून जे चित्र दिसतं ते ढोबळमानाने असं. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात होतं, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली, म्हणजे मुंबईच्या जागेवरून किनारा पश्चिमेला शंभर किलोमीटरहून लांब, आणि मान्सून दुबळा. निलगिरीच्या माथ्यावर सी-फोर गवतांचा जोर. मग हिमयुग ओसरलं आणि दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीच्या काळात मान्सून जोरात आला, सी-थ्रीकडे काटा झुकला. कारण आकाशात आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पण ही तारीख हजारो वर्षांत हळूहळू सरकते आणि अकरा हजार वर्षांपूर्वी ती आपल्या जून-जुलैच्या सुमारास येत होती. उन्हाळ्यातच सूर्य जवळ, आशियाची जमीन जास्त तापणार, समुद्रावरून वारे जास्त जोराने ओढले जाणार. मग ती तारीख सरकत गेली तसा मान्सून हळूहळू उतरला आणि पाच-सहा हजार वर्षांपूर्वीपासून पुढे पुन्हा कोरडेपणा दिसायला लागतो.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कास पठार. साताऱ्याच्या वर, १२०० मीटर उंचीवर, फुलांसाठी आपण सगळे जातो तेच. तिथल्या एका फक्त पावसाळ्यात भरणाऱ्या तळ्याच्या गाळावर पुण्याच्या आघारकर संस्थेने आणि तिरुवनंतपुरमच्या नॅशनल सेंटर फॉर अर्थ सायन्स स्टडीजने काम केलंय. तो गाळ आठ हजार वर्षांहून मागे जातो आणि त्यातही ओल्याकडून कोरड्याकडे झालेला बदल दिसतो. त्यात परागकणांबरोबर डायटम पण मोजले, डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारं सूक्ष्म शेवाळ, कुठल्या जातीला स्वच्छ पाणी लागतं, कुठली घाणीत तग धरते हे माहीत असतं. तर अलीकडच्या हजारेक वर्षांच्या थरांत घाण सहन करणाऱ्या जाती वाढलेल्या दिसतात, म्हणजे माणसांचा आणि गुरांचा वावर.

इथेच या सगळ्या विद्येचा खरा कस लागतो. झाडांचे कण कमी झाले, गवत वाढलं, याचा अर्थ पाऊस कमी झाला का कोणीतरी कुऱ्हाड चालवली? चिखलात दोन्ही सारखंच दिसतं. आणि हिमयुगातलं गवत वाचतानाही सावध राहावं लागतं, कारण तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त १८०-१९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तेवढे भाग, होता, आज ४२० च्या वर आहे, आणि तो कमी असला की सी-फोरला तसाही फायदा मिळतो, पाऊस तेवढाच असला तरी. म्हणून एकाच साक्षीदारावर कोणी विसंबत नाही. कोळशाचे बारीक कण मोजतात, म्हणजे आग लागत होती का, वणवे लावत होते का ते कळतं. शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू मोजतात, ते वाढले की चरणारी जनावरं वाढली. चिखल ५५० अंशाला जाळून वजनात किती घट झाली बघतात, त्यावरून पालापाचोळा किती आणि माती किती ते कळतं, माती अचानक वाढली तर वरचा उतार उघडा पडून धुपला असणार. झाडं कमी, कोळसा जास्त, शेणाची बुरशी जास्त आणि माती जास्त, हे चार एकदम आले तर माणूस. झाडं कमी आणि बाकीचे तीन गप्प, तर आभाळाकडे बघायचं.

आणि एका ठिकाणचा चिखल म्हणजे सगळा सह्याद्री नाही, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. फक्त कुलाब्याचं रजिस्टर कोणाच्या हाती लागलं तर त्याला वाटेल की त्या दिवशी काही विशेष झालंच नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस आणि तिथून घाट उतरून वाईच्या पुढे गेलं की हजाराच्या आत. म्हणून एकाच डोंगररांगेत अनेक ठिकाणी, माथ्यावर आणि पायथ्याशी, कोअर हवेत, आणि अशा जागा आपल्याकडे मोजक्याच आहेत, त्यातल्या बऱ्याच छोट्या, नावंही नसलेल्या.

त्यातली मी पाहिलेली ती गादीसारखी जागा, तिथे मी दोन वर्षांपूर्वी पुन्हा गेले होते, कोअररशिवाय, नुसती बघायला. उतारांवर गाजर आणि बटाट्याचे टप्पे खालपर्यंत आलेत, कडेला वॉटल म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि युकॅलिप्टस वाढलंय आणि दलदलीच्या मधोमध एक चौकोनी खड्डा खणून त्यात पंप लावलाय. शेतकऱ्याला दोष देणार नाही, मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूला पाणी फक्त तिथेच असतं, दलदल स्पंजसारखी पाणी धरून ठेवते म्हणूनच असतं, आणि त्याला पीक वाचवायचंय. पण पाण्याची पातळी उतरली की बरणीतलं तेल उतरलं, वरच्या थरांना हवा लागते, कुजणं सुरू होतं, आणि सगळ्यात आधी जातात ती अलीकडची दोन-तीन हजार वर्षं, नेमकी माणूस आणि पाऊस यांची गुंतागुंत ज्यात आहे ती.

खड्ड्यातून काढलेलं पीट बाजूला ढिगाने टाकलेलं होतं, वरचं खाली, खालचं वर. खतासाठी पोती भरून नेत होते. मी त्यातलं एक ढेकूळ उचललं, ऊन खाऊन हलकं झालेलं, रंग फिका तपकिरी, त्या पिवळ्या पात्यासारखं काही दिसतंय का म्हणून मधून तोडून बघितलं, आत सगळा कोरडा भुगा, तो बोटांमधून खाली पडला आणि वारा होता त्यामुळे थोडा उडून गाजराच्या वाफ्यावर गेला.